म्योडलारॉइट : ओढ्याच्या दोन काठांवरचं जर्मन गाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

न्यूर्नबर्गला राहायला आल्यापासून घरी पाहुणे आले की एक दिवस मी त्यांना म्योडलारॉइटला नेतो. तिथे किल्ला नाही, राजवाडा नाही, बाजारपेठ तर नाहीच. पहिली दहा मिनिटं पाहुणे माझ्याकडे जरा संशयाने बघतात. परतीच्या वाटेवर मात्र गाडीत प्रश्न थांबत नाहीत, आणि प्रश्न बहुधा तेच असतात. म्हणून एकदाच उत्तरं लिहून ठेवतोय.

हे गाव नेमकं आहे कुठे?

बव्हेरियाच्या ईशान्य कोपऱ्यात होफ नावाचं शहर आहे. त्याच्या वायव्येला साधारण पंधरा किलोमीटरवर, टेकड्या आणि शेतांच्या मधल्या एका खोलगट जागेत हे गाव बसलंय. बर्लिन आणि म्युनिक यांच्या जवळपास मध्यावर. वस्ती पन्नासच्या आसपास. आपल्याकडे याला कोणी गाव म्हटलं नसतं, वाडी म्हटलं असतं.

या वाडीचा अर्धा भाग बव्हेरिया राज्यात ट्योपेन ग्रामपालिकेखाली येतो आणि उरलेला अर्धा थुरिंजिया राज्यात गेफेल नगरपालिकेखाली. मधून टानबाख नावाचा ओढा वाहतो. ओढा म्हणजे किती? जरा पळत येऊन उडी मारली तर बूट कोरडे राहतात.

नावाचा अर्थ काय? आणि ‘लिटल बर्लिन’ हे काय आहे?

नावातला ‘रॉइट’ म्हणजे जंगल तोडून शेतीसाठी मोकळी केलेली जमीन. या भागात अशी नावं पावलोपावली भेटतात. वाग्नरच्या संगीतमहोत्सवामुळे ठाऊक असलेलं बायरॉइट त्याच कुळातलं.

पुढे या गावाच्या मधूनही बर्लिनसारखी भिंत गेली, म्हणून ‘लिटल बर्लिन’ हे नाव इथे गस्त घालणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी पाडलं आणि ते चिकटलं. मला ते पटत नाही. बर्लिनची भिंत १९६१ ची. या गावात आडवं कुंपण घातलं गेलं १९५२ मध्ये. थोरल्याने धाकट्याचं नाव का लावायचं?

एवढ्याशा गावाच्या मधून राज्याची हद्द गेलीच कशी?

१८१० मध्ये बायरॉइटचा मुलूख नेपोलियनच्या ताब्यातून बव्हेरियाच्या राज्याकडे आला. पलीकडे रॉइस घराण्याचं छोटं संस्थान होतं. नव्या शेजाऱ्यांनी हद्द ठरवली, त्यासाठी ओढा सोयीचा होता, आणि काठाने दगड रोवले गेले. दगडाच्या एका अंगाला ‘केबी’, म्हणजे बव्हेरियाचं राज्य, आणि दुसऱ्या अंगाला ‘एफआर’, म्हणजे रॉइसचं संस्थान, अशी अक्षरं आहेत. हे दगड आजही जागेवर आहेत. पहिल्या महायुद्धानंतर राजे गेले, रॉइसचा भाग १९२० मध्ये नव्या थुरिंजिया राज्यात मिसळला. दगड हलले नाहीत.

गावकऱ्यांना त्यांचं फारसं सोयरसुतक नव्हतं. गावात शाळा एकच, ती थुरिंजियाच्या काठावर. पिण्या-बसण्याचं ठिकाण एकच, तेही त्याच काठावर. रविवारच्या प्रार्थनेला मात्र सगळे बव्हेरियातल्या ट्योपेनला जायचे. म्हणजे मुलं शिकायला इकडून तिकडे आणि देवाचं नाव घ्यायला सगळं गाव तिकडून इकडे. सोयरिकी दोन्ही काठांवर, शेतंही. सातबाऱ्यावर असावी आणि मनात नसावी अशी ती शिव होती. जवळजवळ दीडशे वर्षं हे असंच चाललं.

मग बिनसलं कधी?

१९४५ मध्ये, आणि या गावाने काहीही न करता. जिंकलेल्या राष्ट्रांनी जर्मनीचे ताब्याचे विभाग आखताना जुन्या राज्यांच्या हद्दी उचलल्या. बव्हेरिया अमेरिकेकडे, थुरिंजिया सोव्हिएत संघाकडे. युद्ध संपताना थुरिंजियात अमेरिकन फौजाच होत्या, जुलैच्या सुरुवातीला त्या करारानुसार मागे सरल्या आणि लाल सेना आली. म्योडलारॉइटमध्ये तर सोव्हिएत सैनिक ओढा ओलांडून बव्हेरियाच्या अर्ध्या भागातही मुक्कामाला राहिले, ते १९४६ मध्ये निघाले.

१९४९ मध्ये पूर्व आणि पश्चिम जर्मनी अशी दोन वेगळी राष्ट्रं झाली, थुरिंजिया पूर्वेत आणि बव्हेरिया पश्चिमेत, आणि हा ओढा आंतरराष्ट्रीय सीमा बनला. तरी सुरुवातीला पास दाखवून ये-जा करता यायची.

१९५२ मध्ये असं काय घडलं, ज्याचा तिथे सतत उल्लेख होतो?

२६ मे १९५२ रोजी पूर्व जर्मनीने सगळी सीमा बंद केली. बाल्टिक समुद्रापासून चेकोस्लोव्हाकियाच्या कोपऱ्यापर्यंत, सुमारे १,४०० किलोमीटर. रेषेला लागून दहा मीटरचा नांगरलेला पट्टा, पाऊल पडलं तर ठसा दिसावा म्हणून. त्यामागे ५०० मीटरचा ‘संरक्षण पट्टा’. आणि त्याहीमागे पाच किलोमीटरचा बंदीचा प्रदेश, जिथे राहणाऱ्यांच्या ओळखपत्रावर वेगळा शिक्का आणि बाहेरच्याला परवान्याशिवाय प्रवेश नाही. थुरिंजियाकडचं म्योडलारॉइट अख्खंच्या अख्खं ५०० मीटरच्या आत. तिथे अंधार पडल्यावर घराबाहेर पडायलाही मनाई होती.

गावात ओढ्याच्या कडेने माणसाहून उंच फळ्यांचं कुंपण उभं राहिलं. नुसता अडथळा करायचा असता तर तार पुरली असती. फळ्या लावल्या त्या नजर अडवायला.

त्याच उन्हाळ्यात सीमापट्ट्यातून ‘भरवशाचे नाहीत’ असा शिक्का बसलेल्या कुटुंबांना उचलून आतल्या भागात नेऊन टाकलं. सामान बांधायला काही तास, कारण विचारायचं नाही. १९५२ आणि १९६१ च्या अशा दोन मोहिमांत मिळून सुमारे अकरा-बारा हजार माणसं घराबाहेर काढली गेली. पहिल्या मोहिमेचं सरकारी कागदांतलं नाव होतं ‘उंगेत्सीफर’. मराठीत ढेकूण, पिसवा, झुरळं यांना मिळून जो एक शब्द असेल, तो.

पाहुण्यांना मी हे नाव भिंतीसमोर उभं राहून सांगतो. भिंतीपेक्षा ते जास्त लक्षात राहतं.

भिंत कधी बांधली? आणि फक्त गावातच का?

१९६६ मध्ये. काँक्रीटची, ७०० मीटर लांब, ३.३ मीटर उंच. भिंत थुरिंजियाच्या बाजूला, हद्दीच्या थोडी आत उभी होती. त्यामुळे ओढा आणि भिंत यांच्यामधली चिंचोळी जागासुद्धा पूर्व जर्मनीचीच होती, पश्चिमेकडच्या हौशी पाहुण्याने भिंतीला हात लावायला पाऊल पुढे टाकलं तर तो घुसखोर ठरायचा.

मोकळ्या रानात सीमेवर बहुतेक ठिकाणी धातूच्या जाळीचं कुंपण असायचं. भिंत असायची ती जिथे घरं सीमेला अगदी खेटून होती तिथे. रानात पळणारा माणूस लांबून दिसतो, त्याला टिपता येतं. घराच्या मागच्या दारातून निघालेला माणूस दहा पावलांत पलीकडे असतो. शिवाय जाळीतून दिसतं, खुणा करता येतात.

समोरासमोरची माणसं एकमेकांशी बोलतच नव्हती?

बव्हेरियाकडून हाका मारायला, हात हलवायला कायद्याची आडकाठी नव्हती. थुरिंजियाकडून मात्र हात हलवून प्रतिसाद देणं, नमस्कार करणं मना होतं. पहाऱ्यावरचे सैनिक मुद्दाम लांबच्या जिल्ह्यांतून आणलेले असायचे, म्हणजे कोणाशी गोत्र जुळायला नको. बव्हेरियाकडे उंचावर उभं राहिलं की भिंतीपलीकडचं अंगण दिसायचं: कपडे वाळत घातलेले, कोंबड्या, ओळखीचं कोणीतरी पाठमोरं. ती व्यक्ती मान वर करायची नाही. तिला दिसलेलं असायचं, आणि हाक मारणाऱ्यालाही ते ठाऊक असायचं.

भेटायचंच असेल तर? १९७३ पासून पश्चिमेकडच्या सीमाजिल्ह्यांतल्या लोकांना पूर्वेकडच्या सीमाजिल्ह्यांत जाण्याचा परवाना मिळू लागला. पण पाच किलोमीटरचा बंदीचा पट्टा त्यातून वगळलेला. म्हणजे पन्नास पावलांवरच्या भावाला भेटायचं तर आधी कागदपत्रं, मग महामार्गावरच्या नाक्यावरून सीमा ओलांडायची, आणि भावाने आपलं घर सोडून पट्ट्याबाहेरच्या एखाद्या गावात येऊन थांबायचं.

माझी आई हे ऐकून एवढंच म्हणाली, “म्हणजे दिवाळीचा फराळ द्यायला पासपोर्ट.” अगदी तसंच.

कोणी पळून गेलं का?

२५ मे १९७३ रोजी एकजण भिंत ओलांडून गेला. तो वाहनचालक होता, कामानिमित्त बंदीच्या पट्ट्यात यायचा परवाना त्याच्याकडे होता. गाडी भिंतीला लावली, टपावर शिडी ठेवली आणि पलीकडे. वेगळी हिकमत काही नाही.

अमेरिकेचे अध्यक्ष इथे आले होते, हे खरं का?

आले तेव्हा ते उपाध्यक्ष होते. जॉर्ज बुश, थोरले. ५ फेब्रुवारी १९८३ रोजी, पश्चिम जर्मनीचे संरक्षणमंत्री मान्फ्रेड व्यॉर्नर यांच्यासोबत. पन्नास माणसांच्या वाडीत त्या दिवशी किती गाड्या उभ्या राहिल्या असतील याची कल्पनाच करावी.

भिंत बर्लिनबरोबरच पडली ना?

नाही, आणि हे सांगितलं की सगळ्यांनाच नवल वाटतं. ९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनमध्ये लोक भिंतीवर नाचले. त्याआधी १ ऑक्टोबरला प्रागमधल्या पश्चिम जर्मन वकिलातीत आसरा घेतलेल्या माणसांना घेऊन आलेल्या खास गाड्या होफच्या स्टेशनात शिरल्या होत्या, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर. म्योडलारॉइटच्या भिंतीला मात्र त्यानंतरही धक्का लागला नव्हता. बर्लिननंतर बरोबर एका महिन्याने, ९ डिसेंबरला, इथे पायी जाण्यापुरती वाट उघडली. ओढ्यापलीकडे जाणाऱ्यांना सदतीस वर्षं लागली होती, अंतर तेच काही पावलांचं.

१७ जून १९९० रोजी यंत्र लावून भिंत पाडायला घेतली. तारीख विचारपूर्वकच वाटते, कारण १७ जून १९५३ ला पूर्व जर्मनीत कामगारांचा उठाव झाला होता आणि रणगाड्यांनी तो चिरडला होता. पुढे साडेतीन महिन्यांनी देश एक झाला.

मग आज दिसते ती भिंत खरी की नंतर बांधलेली?

खरी. सुमारे शंभर मीटरचा तुकडा जागेवर ठेवला. १९९० मध्येच संग्रहालयाची तयारी सुरू झाली. सगळीकडे लोक हातोडे घेऊन सीमेच्या खुणा पुसत असताना कोणीतरी “थांबा, एवढं राहू द्या” म्हटलं, हे मला मोठं वाटतं. कारण तेव्हा तो वारसा नव्हता. वीस-पंचवीस वर्षांचं काँक्रीट होतं आणि ज्यांच्या अंगणात ते उभं होतं त्यांना ते डोळ्यांसमोर नकोच असणार.

आपण ‘वारसा’ म्हणतो तेव्हा पूर्वजांनी बांधलेलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. या गावाने जपलेली भिंत गावाने बांधलीच नाही. बांधणाऱ्यांनी गावाला विचारलंही नाही. गावाची स्वतःची म्हणावी अशी जुनी वस्तू दाखवायची तर मी ते १८१० चे दगड दाखवेन. तेही खरं तर दोन राजांचेच.

संग्रहालयात काय बघायला मिळतं?

बाहेर उघड्यावर: भिंत, पहाऱ्याचा मनोरा, धातूच्या जाळीचं कुंपण, नांगरलेला पट्टा, सीमेचे खांब. हे सगळं एकामागोमाग एक चालत बघता येतं, त्यामुळे सीमा म्हणजे एक रेष नसून थरांवर थर होते हे पायांना कळतं. आत सीमेवर वापरलेली वाहनं, साधनं, छायाचित्रं, गावाची हकिगत. घाईत असाल तर बाहेरचं आधी बघा. मनोरा जिथे आहे तिथून घरं किती जवळ आहेत ते बघितलं की आतल्या फलकांवरचं निम्मं आपोआप कळतं.

देश एक झाला, मग गाव अजून दोन राज्यांत कसं?

राष्ट्रांमधली सीमा गेली, राज्यांमधली तशीच राहिली. तीच ओढ्याची रेष, तेच दगड.

आणि हे फक्त नकाशावर नाही. बव्हेरियाकडचा पिनकोड ९५१८३, पलीकडचा ०७९२६. टेलिफोनचे कोड वेगळे: इकडे ०९२९५, तिकडे ०३६६४९. गाडीची पाटी इकडे ‘एचओ’ने सुरू होते, तिकडे ‘एसओके’ने. नगराध्यक्ष दोन, विधानसभा दोन, मुलांच्या शाळा वेगळ्या राज्यांच्या, अभ्यासक्रम वेगळे. उन्हाळ्याच्या सुट्ट्याही एकत्र पडतील याचा भरवसा नाही. बव्हेरियाची सुट्टी दरवर्षी ऑगस्टच्या आगेमागे सुरू होऊन सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते, थुरिंजियाची पुढे-मागे सरकत असते.

सणांची गंमत तर विचारूच नका. ३१ ऑक्टोबर, ल्यूथरच्या धर्मसुधारणेचा दिवस, थुरिंजियात सुट्टी. १ नोव्हेंबर, सर्व संतांचा दिवस, बव्हेरियात सुट्टी. म्हणजे लागोपाठ दोन दिवस, एकदा हा काठ घरी आणि एकदा तो. ६ जानेवारीला बव्हेरियात सुट्टी असते, थुरिंजियात नाही. उलट २० सप्टेंबरचा बालदिन २०१९ पासून थुरिंजियात सुट्टीचा झाला, ओढ्याच्या अलीकडच्या मुलांना त्या दिवशी दप्तर.

भेटल्यावर बव्हेरियाकडे ‘ग्र्यूस गॉट’ म्हणायची रीत, थुरिंजियाकडे ‘गुटन टाग’. पहिल्यात देवाचं नाव आहे, दुसऱ्यात नुसता दिवस. मी दोन्हीकडे हात हलवतो. इथे तेही पुष्कळ आहे.

मग दोन्ही अर्धे जोडून का टाकत नाहीत?

कायद्याने वाट आहे. जर्मन राज्यघटनेच्या २९ व्या कलमात तरतूद आहे की पन्नास हजारांपर्यंत वस्तीचा भाग दोन राज्यांनी आपसांत करार करून इकडचा तिकडे करता येतो. इथे वस्ती पन्नास. पण तसं झालेलं नाही.

पाहुण्यांपैकी बरेचजण यावर चुकचुकतात. मला त्यात वाईट काही दिसत नाही. जोडायचं म्हटलं की प्रश्न येतो कोण कोणाकडे जाणार, आणि कोणाला तरी पिनकोडपासून जमिनीच्या नोंदींपर्यंत सगळं पुन्हा करावं लागणार. या लोकांनी एका जन्मात पुरेशा कागदपत्रांच्या खेपा घातल्यात. शिवाय दोन राज्यांच्या शिवेवर गाव असणं हा इथला जुना, साधा प्रकार आहे, १८१० पासूनचा. नवं आणि अघोरी होतं ते मधल्या ३७ वर्षांचं.

गावाबाहेर कुंपणाची जागा हिरवी दिसते, ती काय भानगड?

तो ‘ग्र्यूनेस बांट’, हरित पट्टा. चाळीस वर्षं सीमेच्या पट्ट्यात शेती झाली नाही, खतं-औषधं पडली नाहीत, माणूस फिरकला नाही. परिणामी बाकी ठिकाणाहून हुसकावलेले पक्षी, फुलं, किडे तिथे टिकले. काइ फ्रोबेल नावाच्या मुलाने सत्तरच्या दशकात कोबुर्गच्या बाजूला सीमेलगत पक्ष्यांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि त्याच्या लक्षात आलं की ब्राउनकेल्शन नावाचा, तपकिरी गळ्याचा छोटा पक्षी मुख्यतः याच मृत्युपट्ट्यात घरटी करतोय.

९ डिसेंबर १९८९ रोजी दोन्ही जर्मनींतले सुमारे ४०० निसर्गप्रेमी होफमध्ये जमले आणि हा सगळा पट्टा राखायचा ठराव त्यांनी केला. तारीख पुन्हा वाचा. त्याच दिवशी पंधरा किलोमीटरवर म्योडलारॉइटची वाट उघडत होती. २०१८ मध्ये थुरिंजियाने आपल्या हद्दीतल्या पट्ट्याला राष्ट्रीय निसर्गस्मारकाचा दर्जा दिला.

जायचं कसं, वेळ किती ठेवायचा?

स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर सोपं. बर्लिन–म्युनिक हा ए-९ महामार्ग आणि त्यातून होफजवळ फुटणारा ए-७२ दोन्ही जवळ आहेत. या दोन शहरांमध्ये गाडीने प्रवास करणार असाल तर वाटेत थांबायला याहून चांगली जागा नाही. रेल्वेने आलात तर होफपर्यंत या आणि पुढे टॅक्सी. खेड्यांतल्या बसच्या भरवशावर विशेषतः शनिवार-रविवारी राहू नका.

दोन-अडीच तास पुरतात. सोमवारी जर्मनीतली बरीच संग्रहालयं बंद असतात, तेव्हा वेळा आधी बघून घ्या. हिवाळ्यात जाणार असाल तर जाड कोट हवाच. होफचा परिसर बव्हेरियातल्या गारठ्यासाठी ओळखला जातो, आणि हिंडणं बरंचसं उघड्यावर आहे. खाण्याची सोय सोबत ठेवलेली बरी. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतो.

वयस्कर माणसांना आणि लहान मुलांना झेपेल का?

झेपेल. चढउतार बेताचे आहेत. माझे बाबा काठी घेऊन सगळं फिरले, फक्त दगडांपाशी जरा बसले. मुलांना मनोरा आणि जुन्या लष्करी गाड्या आवडतात, भिंतीचा मात्र त्यांना दहा मिनिटांत कंटाळा येतो. पाच वर्षांच्या माझ्या भाचीने सगळा वेळ ओढ्यावरून इकडून तिकडे जाण्यात घालवला. शेवटी मोजे भिजले, आणि बव्हेरियात भिजले की थुरिंजियात यावर तिचा आणि आजोबांचा वाद होफ येईपर्यंत चालू होता.